ताईजीछुआन शिकताना: गुरुपरंपरा कशी वाचावी, सराव कसा बसवावा

ताईजीछुआन, म्हणजे आपल्याकडे ‘ताय ची’ या नावाने ओळखली जाणारी चिनी युद्धकला, शिकायचे मनावर घेतलेल्या माणसापुढे लवकरच एक पेच उभा राहतो. एक शिक्षक संपूर्ण संच, म्हणजे ठरलेल्या क्रमाने गुंफलेल्या हालचालींची मालिका, एकाच संथ लयीत करायला सांगतो, तर दुसरा मध्येच जमिनीवर पाय आपटतो आणि शांत हालचालीतून अचानक झटक्याने ठोसा सोडतो. एकाकडे पाठ सरळ उभी असते, दुसऱ्याकडे धड किंचित पुढे झुकलेले असते. हे सगळेच आपल्या कलेला ताईजीछुआन म्हणतात आणि त्यांपैकी बहुतेकांचे म्हणणे खरेही असते. या फरकांची कारणे गुरुपरंपरेत सापडतात. ती समजून न घेता वर्गात नाव घातले, तर दोन-तीन वर्षे घाम गाळूनही आपण नेमके काय शिकलो हे सांगता येत नाही.

ही कला केवळ वाचून अंगात उतरत नाही. शिक्षक शिष्याच्या खांद्याला, कमरेला, गुडघ्याला हात लावून चूक सुधारतो तेव्हाच ती पुढच्या पिढीकडे जाते. त्यामुळे वंशावळ म्हणजे कोणी कोणाच्या चुका, किती काळ आणि कोणत्या वयात सुधारल्या याची नोंद होय, असे मी मानतो. नावाचा मोठेपणा हा त्या नोंदीतला सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे.

पहिली पायरी: मूळ गाव आणि तिथून फुटलेल्या शाखा

चीनच्या हेनान प्रांतात, पीत नदीच्या उत्तरेला, वेन परगण्यात चेनजियागो नावाचे गाव आहे. चेन कुळाचा मूळ पुरुष चेन बू हा मिंग राजवटीच्या सुरुवातीला, चौदाव्या शतकात, शान्शी प्रांतातून येथे येऊन वसला. त्याच्या नवव्या पिढीतील चेन वांगतिंग (साधारण १६०० ते १६८०) याने, मिंग राजवट कोसळल्यानंतरच्या काळात, या कलेचे मूळ संच रचले असे चेन घराणे मानते. त्याने सर्व काही शून्यातून निर्माण केले असे मात्र समजू नये. सोळाव्या शतकातील सेनापती छी जिग्वांग याने सैनिकांच्या कवायतीसाठी बत्तीस पवित्र्यांचा एक संच लिहून ठेवला होता, आणि त्यातील कितीतरी पवित्र्यांची नावे चेन घराण्याच्या संचांत आजही जशीच्या तशी आढळतात.

चौदाव्या पिढीतील चेन चांगशिंग (१७७१ ते १८५३) याच्यापाशी कला कुळाबाहेर पडली. हबेई प्रांतातील योंगनियान परगण्याचा यांग लूछान (१७९९ ते १८७२) हा त्याचा शिष्य. या गुरुशिष्यांची गाठ कशी पडली, याला एक साधे व्यावहारिक कारण आहे: चेनजियागोच्या चेन दहू नावाच्या सधन गृहस्थाचे औषधांचे दुकान योंगनियानमध्ये होते आणि चेन चांगशिंग त्याच चेन दहूच्या वाड्यात शिकवीत असे. यांगने नोकर म्हणून राहून, भिंतीआडून चोरून पाहून कला शिकल्याची कथा जगभर सांगितली जाते. कथा म्हणून ती गोड आहे, पण एवढ्या बारकाव्यांची कला केवळ डोकावून पाहिल्याने अंगात मुरते, असे जो या कलेत काही वर्षे राहिला आहे तो मान्य करणार नाही. पुढे यांग बीजिंगला गेला, मांचू सरदारांना आणि रक्षकदलातील लोकांना शिकवू लागला, आणि तिथून कलेचे स्वरूप बदलत गेले.

त्याचे दोन मुलगे, यांग बानहोउ (१८३७ ते १८९२) आणि यांग ज्येनहोउ (१८३९ ते १९१७), दोघेही शिक्षक झाले. ज्येनहोउच्या दोन मुलांत पाहा: थोरला यांग शाओहोउ आखूड, चपळ हालचालींचा, कडक शिक्षक, धाकटा यांग चेंगफू (१८८३ ते १९३६) मोठ्या, मोकळ्या, एकसारख्या संथ हालचालींचा. एकाच घरातले सख्खे भाऊ, पण त्यांचे संच शेजारी ठेवले तर नवख्याला ते एका परंपरेतले वाटणार नाहीत. ख्यालगायकीत एकाच उस्तादाचे दोन शागीर्द एकच राग वेगळ्या अंगाने मांडतात, तसेच हे आहे. विसाव्या शतकाच्या विसाव्या-तिसाव्या दशकांत चेंगफू दक्षिणेकडील शहरांत शिकवीत फिरला, म्हणून आज जगात सर्वाधिक पसरलेले यांग शैलीचे रूप त्याचे आहे.

पुढची नावे वाचताना देवनागरीत हमखास घोटाळा होतो, कारण ‘वू’ नावाच्या दोन वेगळ्या शाखा आहेत. एक वू घराणे छुआनयोउ (१८३४ ते १९०२) या मांचू रक्षकाधिकाऱ्यापासून निघते. तो यांग लूछान आणि बानहोउ यांच्याकडे शिकला, आणि त्याचा मुलगा वू ज्येनछुआन (१८७० ते १९४२) याने ही शैली शांघायपर्यंत नेली. पुढे झुकलेले धड, लहान वर्तुळे आणि स्पर्शातील मऊपणा ही तिची खूण. दुसरी शाखा योंगनियानच्याच वू यूशियांग (१८१२ ते १८८०) याची. तो आधी यांगकडे शिकला, मग चेन चांगशिंगच्या शोधात हेनानला गेला. वृद्ध चेन चांगशिंग शिकवण्याच्या स्थितीत नव्हता, म्हणून जवळच्या झाओबाओ गावात चेन छिंगपिंगकडे तो महिनाभराहून थोडा अधिक काळ राहिला. ही शाखा भाचा ली यीयू (१८३२ ते १८९२) आणि त्याचा शिष्य हाओ वेईझेन (१८४९ ते १९२०) यांच्यामार्फत पुढे गेल्यामुळे तिला वू-हाओ म्हणतात. गोंधळ टाळण्यासाठी आपणही तेच नाव वापरावे. हाओ वेईझेनकडून शिकलेला सुन लूतांग (१८६० ते १९३३) आधीच शिंगयी आणि बागुआ या दोन कलांत मुरलेला होता. त्याने तिन्हींच्या संगमातून उंच पवित्र्याची, चालत्या पावलांची सुन शैली उभी केली.

दरम्यान चेन गावात काय चालले होते, हे बाहेरच्या जगाला विसाव्या शतकापर्यंत फारसे माहीत नव्हते. १९२८ मध्ये चेन झाओपेई बीजिंगला शिकवू लागला आणि त्याला नानजिंगहून बोलावणे आल्यावर त्याने चुलता चेन फाके (१८८७ ते १९५७) याला बीजिंगला आणवले. यांग शैलीला सरावलेल्या लोकांनी पाय आपटणारे, उसळणारे, पिळदार ताईजीछुआन तेव्हा पाहिले. झाओपेई १९५८ मध्ये गावी परतला तेव्हा तिथली परंपरा जवळजवळ विझत आली होती. त्याने घरीच मुलांना शिकवायला सुरुवात केली, आणि आज जगभर शिकवणाऱ्या चेन श्याओवांग, चेन झेंगलेई, वांग शीआन आणि झू त्येनत्साई यांच्या पिढीचा पाया त्याने घातला. १९७२ मध्ये तो वारल्यावर फाकेचा मुलगा चेन झाओक्वेई गावी येऊन शिकवू लागला. त्याचा संच गावकऱ्यांना अनोळखी वाटला, म्हणून त्याला ‘नवी चौकट’ आणि झाओपेईने शिकवलेल्याला ‘जुनी चौकट’ म्हणू लागले. जुनी म्हणजे अस्सल आणि नवी म्हणजे पातळ असा अर्थ लावणाऱ्याने ही हकीकत आधी वाचावी.

दुसरी पायरी: आख्यायिका आणि नोंद वेगळ्या ठेवा

कोणत्याही वर्गात ‘वुदांग पर्वतावरील झांग सानफेंग या ताओ संन्याशाने साप आणि पक्षी यांची झुंज पाहून ही कला निर्माण केली’ असे ऐकायला मिळते. झांग सानफेंगचे नाव चिनी युद्धकलेशी जोडणारा सर्वांत जुना ज्ञात मजकूर १६६९ चा, विद्वान हुआंग झोंगशी याने लिहिलेला एक मृत्युलेख आहे, आणि त्यात ताईजीछुआनचे नावही नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तांग हाओ या संशोधकाने स्वतः चेनजियागोला जाऊन कुळाच्या वह्या तपासल्या आणि कलेचे मूळ चेन वांगतिंगपाशी असल्याचे मांडले. त्याच्या निष्कर्षांवर आजही वाद आहेत, विशेषतः झाओबाओ आणि वुदांगच्या अनुयायांकडून.

या वादात मला सर्वांत आदरणीय वाटतो तो ली यीयू. १८८१ मध्ये आपल्या हाताने केलेल्या नकलांत त्याने सरळ लिहिले आहे की ताईजीछुआन कोणापासून सुरू झाले हे ठाऊक नाही. एवढ्या मोठ्या वारशाचा धनी असून ज्याने मूळ पुरुषाचे नाव रचून घातले नाही, त्याने बाकी जे लिहिले त्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. आपल्या शिक्षकालाही हीच फूटपट्टी लावावी.

भारतीय विद्यार्थ्याने आणखी एका कथेबाबत सावध असावे. बोधिधर्माने भारतातून नेलेल्या विद्येतून सर्व चिनी युद्धकला जन्मल्या, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. बोधिधर्माच्या नावावर असलेला व्यायामाचा ग्रंथ सतराव्या शतकातला, म्हणजे त्याच्या काळानंतर हजार वर्षांहून अधिक उशिराचा आहे, आणि त्या कथेचा संबंध शाओलिन मठाशी आहे. चेन गावाच्या परंपरेत बोधिधर्म कुठेच येत नाही.

तिसरी पायरी: आपल्या शरीराला मानवणारी शाखा

तरुण असाल, गुडघे धड असतील आणि कलेची लढाऊ बाजू लवकर दिसावी असे वाटत असेल, तर चेन शैली घ्यावी; तिच्यात शक्ती सोडण्याचे काम पहिल्या संचापासून उघड असते. पन्नाशी उलटलेल्या, नियमित व्यायामाची सवय नसलेल्या माणसाला यांग शैलीची एकसारखी लय लवकर जमते. गुडघेदुखी असणाऱ्याने सुन शैलीचा शिक्षक मिळतो का पाहावे, कारण तिच्यात पवित्रा उंच असतो आणि मागचा पाय पुढच्याच्या मागोमाग येत राहतो, त्यामुळे एका पायावर फार वेळ भार राहत नाही. पण हे सारे दुय्यम आहे. आपल्या शहरात ज्या शाखेचा चांगला शिक्षक आठवड्याला भेटू शकतो, ती शाखा आपल्यासाठी योग्य.

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी चोवीस हालचालींचा लघुसंच शिकवला जातो. तो चिनी सरकारच्या क्रीडा आयोगाने १९५६ मध्ये यांग शैलीतून आखून घेतला आणि पाच-सहा मिनिटांत पूर्ण होतो. सुरुवात म्हणून तो उत्तम आहे. वुशू, म्हणजे खेळ म्हणून खेळल्या जाणाऱ्या चिनी युद्धकला, यांच्या स्पर्धांमधील बेचाळीस हालचालींचा संच चेन, यांग, वू आणि सुन या शैलींतून वेचून बनवलेला आहे. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत वुशूचा समावेश झाल्यापासून खेळाडूंसाठी त्याचे महत्त्व वाढले. हे दोन्ही संच समितीने बनवलेले असल्यामुळे त्यांना एका घराण्याची वंशावळ नसते. शिक्षकाने तसे स्पष्ट सांगितले तर त्यात कमीपणा काही नाही. ‘हा प्राचीन गुप्त संच आहे’ असे सांगितले तर मात्र दुसरा वर्ग शोधावा.

चौथी पायरी: शिक्षक पारखणे

पहिल्या भेटीत तीन गोष्टी नम्रपणे विचाराव्यात: आपण स्वतः कोणाकडे शिकलात, त्यांच्यासमोर प्रत्यक्ष किती काळ सराव केलात, आणि आजही त्यांच्याकडे जाता का. खरा शिक्षक या प्रश्नांनी दुखावत नाही, उलट आपल्या गुरूविषयी बोलायला त्याला आवडते. उत्तर ऐकताना दोन फरक लक्षात ठेवावेत. एखाद्या नामवंताच्या दोन दिवसांच्या शिबिराला बसणे आणि त्याच्या हाताखाली वर्षानुवर्षे सराव करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तसेच विद्यार्थी आणि विधिपूर्वक स्वीकारलेला शिष्य यांत चिनी परंपरा स्पष्ट फरक करते, आणि शिष्यांची यादी सहसा त्या गुरूच्या इतर शिष्यांना ठाऊक असते. भिंतीवरचे गुरूसोबतचे छायाचित्र फक्त छायाचित्र काढल्याचा पुरावा असतो.

मग वर्ग पाहू द्या म्हणावे. शिक्षक विद्यार्थ्यांमध्ये फिरून हाताने दुरुस्ती करतो का, की पुढे उभा राहून संच दाखवतो आणि मागे वळून पाहतही नाही? चार-पाच वर्षांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे गुडघे कसे आहेत? त्यांच्यापैकी अनेकांनी गुडघ्याला पट्टे बांधलेले असतील, तर कारण विचारावे. शिक्षकाचा हात लागताच विद्यार्थी चार पावले उडून मागे जात असतील, तर परक्या माणसासोबत तेच करून दाखवण्याची विनंती करावी. चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली आपला तोल जातो तेव्हा फार काही घडल्यासारखे वाटत नाही. आपण फक्त टाचांवर गेलेलो असतो आणि परत यायला वाट उरलेली नसते.

पाचवी पायरी: पहिले सहा महिने

संच शिकण्याची घाई सर्वांनाच असते. तरीही रोजच्या सरावाचा पहिला भाग उभे राहण्यासाठी ठेवावा. पाय खांद्यांच्या रुंदीइतके, बोटे समोर, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी जराशी आत, डोक्याचा माथा वर उचललेला, खांदे खाली सोडलेले, कोपरे लोंबती, हात छातीसमोर गोल. सुरुवातीला पाच मिनिटे पुरेत. हळूहळू वीस मिनिटांपर्यंत न्यावीत. मांड्या पेटल्यासारख्या होणे स्वाभाविक आहे. गुडघ्याच्या वाटीत किंवा आतल्या बाजूला दुखले तर लगेच थांबून पवित्रा उंच करावा.

चेन शैली शिकणाऱ्याने याच काळात रेशीमधागा व्यायाम घ्यावा. कोशातून रेशीम उलगडताना हिसका दिला तर धागा तुटतो, म्हणून गती अखंड ठेवायची, हे त्याचे तत्त्व. उजव्या हाताचे उदाहरण असे: पाय रुंद ठेवून उजव्या पायावर भार घ्या, डावा हात कमरेवर, उजवा हात उजवीकडे खांद्याच्या उंचीवर, तळवा बाहेर. आता भार डावीकडे नेता नेता हात खाली पोटासमोर आणा. येताना तळवा सावकाश वर वळत येतो. कंबर थोडी डावीकडे वळली की हात छातीसमोरून डोळ्यांच्या उंचीपर्यंत चढतो, तळवा पुन्हा बाहेर वळू लागतो, भार उजवीकडे येतो आणि हात उजवीकडे उघडून पहिल्या जागी पोचतो. आधी भार, मग कंबर, मग खांदा, कोपर, मनगट, बोटे, असा क्रम हवा. नवखा माणूस हमखास हाताने वर्तुळ काढतो आणि कंबर फक्त सोबत देते. हे ओळखायला दुसरा हात पोटावर ठेवून पाहावे: पोटाखालचा भाग वळण्याआधी मनगट हलले, तर चूक झाली. दोन्ही बाजूंनी रोज दहा मिनिटे केले तरी काही महिन्यांत संचातील अर्धी कोडी सुटतात, कारण संच म्हणजे याच वर्तुळांची निरनिराळी जोडणी असते.

सरावाची जागाही पाहावी. पावसाळ्यात ओल्या शहाबादी फरशीवर पाय सरकतो आणि डांबरावर तळवा अडकून गुडघा पिळवटतो. कोरडी, सपाट माती सर्वांत चांगली. जाड, उशीसारख्या तळाचे धावण्याचे बूट टाळावेत, पातळ सपाट तळाचे कापडी बूट घ्यावेत.

सहावी पायरी: संच बसवणे

चेन शैलीच्या जुन्या चौकटीतील पहिल्या संचात साधारण पंचाहत्तर हालचाली आहेत. यांग शैलीचा मोठा संच कोणी पंचाऐंशी, कोणी एकशे तीन, तर कोणी एकशे आठ हालचालींचा सांगतो. संच तोच असतो, मोजण्याची रीत वेगळी. आकड्यावरून कोणाकडे संपूर्ण आणि कोणाकडे अपूर्ण शिक्षण आहे असे ठरवू नये.

आठवड्याला दोन-तीन नव्या हालचालींपेक्षा अधिक घेऊ नयेत. वर्गातून घरी आल्यावर त्याच संध्याकाळी स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे: भार कोणत्या पायावर, बोटे कोणत्या दिशेला, डोळे कुठे. वहीतील जी जागा लिहिताना अडते, ती जागा अंगातही अडलेली असते, आणि पुढच्या वर्गात विचारण्याचा प्रश्न तयार मिळतो. स्वतःचे चित्रीकरण करायचे असेल तर ते बाजूने करावे, कारण समोरून पाहताना कमरेचा बाक आणि पुढे गेलेला गुडघा दिसत नाही.

गुडघ्यासाठी एक नियम प्रत्येक शाखेत पाळला जातो: गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकावा, आत पडू नये आणि बोटांच्या पुढे जाऊ नये. पाय वळवण्याच्या बाबतीत मात्र शाखांत फरक आहे. काही ठिकाणी भार मागे घेऊन मोकळा झालेला पाय वळवतात, तर काही ठिकाणी भार ठेवूनच टाचेवर वळतात. दुसऱ्या पद्धतीत कमरेचा सांधा पुरेसा मोकळा नसेल तर सारा पीळ गुडघ्यावर येतो. गुडघा आधीच दुखरा असेल तर हे शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगावे, आणि त्याने ऐकले नाही तर तिथे थांबू नये.

हालचालींचा क्रम पाठ झाला म्हणजे खरे काम सुरू होते. यांग चेंगफूने सांगितलेली आणि त्याच्या शिष्याने लिहून ठेवलेली दहा तत्त्वे येथे उपयोगी पडतात: माथा हलका उचललेला, छाती किंचित आत, कंबर सैल, भरलेला (भार घेतलेला) आणि रिकामा पाय स्पष्ट वेगळा, खांदे आणि कोपरे खाली, जोराऐवजी मन, वगैरे. दहाही एका वेळी सांभाळता येत नाहीत. एका महिन्यात एकच तत्त्व घेऊन संपूर्ण संच करावा. भार वेगळा करण्यापासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण पायांचा घोळ असताना खांदे सैल सोडता येत नाहीत. या काळात दुसरी शैली शिकायचा मोह होतो. तो टाळावा. पहिल्या शिक्षकाच्या दुरुस्त्या अंगात मुरण्याआधी दुसऱ्याच्या दुरुस्त्या घेतल्या, तर शरीर दोन्ही विसरते.

सातवी पायरी: हातांची ढकल

तुईशोउ, म्हणजे जोडीने हात टेकवून केलेला ढकलण्याचा सराव, हा या कलेचा आरसा आहे आणि आपल्याकडील अनेक वर्गांत तो शिकवलाच जात नाही. एकहाती प्रकारापासून आरंभ करावा. दोघे समोरासमोर, उजवे पाय पुढे, उजव्या मनगटांच्या पाठी एकमेकींना टेकलेल्या. एक जण हळूहळू दुसऱ्याच्या छातीकडे ढकलतो. दुसरा हात आखडून घेत नाही आणि अडवतही नाही; तो भार मागच्या पायावर घेतो, कंबर वळवतो आणि येणारा हात आपल्या मध्यरेषेबाहेर नेतो. ढकलणाऱ्याचा जोर संपला की तेच वर्तुळ उलट दिशेने सुरू होते. स्पर्श सुटू द्यायचा नाही आणि टक्करही द्यायची नाही, एवढाच नियम. दोन मिनिटांत दिसून येते की खांदा कुठे ताठ आहे आणि कोणत्या क्षणी आपण श्वास धरून बसतो.

पुढे दोन्ही हातांनी चार मूळ क्रिया शिकवतात: आतून फुगवल्यासारखा आधार देणे, वळवून मागे खेचणे, दाबून पुढे जाणे आणि तळव्यांनी ढकलणे. यांग शैलीच्या संचात ‘चिमणीची शेपटी धरणे’ या हालचालीत याच चार क्रिया ओळीने येतात, आणि जोडीच्या सरावात त्या ओळखू आल्या की संचातील ती जागा कधीच पूर्वीसारखी रिकामी वाटत नाही. जोडीदार सतत बदलावेत. उंच, ठेंगणा, जाड, चपळ असा प्रत्येक जण वेगळी चूक उघडी पाडतो.

आठवी पायरी: शिष्यत्वाचा प्रश्न

काही वर्षांनी एखाद्या गुरूच्या बैठकीत शिष्य म्हणून स्वीकार होण्याची संधी येते. या विधीला बाईशी म्हणतात. शिष्य लेखी विनंतीपत्र देतो, साक्षीदार असतात, तो गुडघे टेकून नमन करतो, गुरूला चहा देतो, आणि त्या क्षणापासून तो गुरूच्या कुटुंबातला ठरतो. त्याच्या आधी आलेले त्याचे थोरले गुरुबंधू, मागून येणारे धाकटे. वय येथे मोजत नाहीत, प्रवेशाचा क्रम मोजतात. चाळिशीतल्या माणसाने पंचविशीच्या गुरुबंधूला थोरला म्हणून हाक मारणे ही तिथे रोजची गोष्ट आहे.

हे नाते घेताना देवघेव नीट समजून घ्यावी. गुरूचे नाव लावण्याचा अधिकार मिळतो, अधिक बारकाईने शिक्षण मिळते. त्या बदल्यात दुसऱ्या गुरूकडे जाताना परवानगी घेणे, सणासमारंभाला हजेरी, आणि गुरूच्या नावाला बट्टा न लागू देणे ही बंधने येतात. पहिल्याच शिबिरात पैशांच्या बदल्यात शिष्यत्व देऊ करणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. अनेक उत्तम शिक्षक आयुष्यभर कोणाचे विधिवत शिष्य झाले नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. चिनी वुशू संघाची नऊ पायऱ्यांची श्रेणीपद्धत ही याहून वेगळी, परीक्षेची व्यवस्था आहे, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध लावू नये.

नववी पायरी: चेनजियागोला जाणे

डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ताईजीछुआनचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समावेश केला आणि गावाकडे जाणाऱ्यांची संख्या आणखी वाढली. गावात आज अनेक शाळा आहेत, त्यांत निवासी शिक्षण घेणारी चिनी मुले असतात आणि परदेशी विद्यार्थीही येतात. प्रांताची राजधानी झेंगझोउ हे जवळचे मोठे शहर, आणि तिथून रस्त्याने जाता येते. चेन कुळाचे पूर्वजमंदिर, संग्रहालय आणि यांग लूछान जिथे शिकला असे मानले जाते तो वाडा पाहण्यासारखा आहे.

एक संच क्रमाने पाठ झाल्याशिवाय मात्र जाऊ नये. नवख्याचे सारे दिवस क्रम लक्षात ठेवण्यातच जातात. जो क्रम घेऊन जातो त्याला दुरुस्त्या मिळतात. हेनानचा उन्हाळा तापतो आणि हिवाळा बोचरा असतो, त्यामुळे वसंत किंवा शरद ऋतू निवडावा. कोणत्या शाळेत शिकवणारा कोणत्या गुरूचा शिष्य आहे, जुनी चौकट शिकवतो की नवी, आणि मुख्य गुरू स्वतः वर्ग घेतात की त्यांचे विद्यार्थी, हे आधी पत्रव्यवहाराने विचारून घ्यावे. आपल्या शिक्षकालाही कल्पना द्यावी. शक्य असल्यास त्याच्याच गुरुबंधूकडे जावे, म्हणजे दोघांच्या दुरुस्त्या एकमेकींना छेदत नाहीत. तिथे गेल्यावर नवे संच आणि शस्त्रे शिकवण्याची मागणी करू नये. संचाच्या पहिल्या पाच-सहा हालचाली करून दाखवाव्यात आणि त्याच तपासून द्या म्हणून सांगावे. ज्या संध्याकाळी दुरुस्ती मिळाली त्याच संध्याकाळी ती वहीत उतरवावी, आणि परतल्यावर ती वही आपल्या शिक्षकापुढे ठेवून प्रत्येक ओळ त्याच्यासमोर एकदा करून पाहावी.